उतारावर उदास होणारा माणूस

निराश व्हायला माणसाला काहीतरी कारण लागतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या साडूभाऊंना पाहिलेलं नाही. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुणं सोडून ते पंधरा-सोळा वर्षं नागोयाला राहिले, आणि एवढ्या वर्षांत भूकंप, वादळं, मंदी, महामारी असं सगळं येऊन गेलं, तरी त्यांना कशाचाच धक्का बसला नाही. कारण ते सगळं येणार हे त्यांना आधीपासून ठाऊकच होतं. आपण सहज 'काय, कसं काय?' म्हणून विचारावं, तर ते आधी एक सुस्कारा सोडतात, मग 'आतापर्यंत तरी बरं आहे' म्हणतात, आणि त्या 'आतापर्यंत'वर असा काही जोर देतात की ऐकणाऱ्याने घाईघाईने आपल्या घरी फोन करून सगळे सुखरूप आहेत ना याची खात्री करून घ्यावी. वाढदिवसाला आठवणीने फोन करतात, पण सुरुवात 'गेलं बघा आणखी एक' अशी. आमची मुलगी झाली तेव्हा तिला मांडीवर घेऊन कितीतरी वेळ कौतुकाने बघत बसले होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शांत आहे हो पोरगी. सध्या."

आता यात त्यांचा सगळाच दोष आहे असं नाही, धंदाही तसाच मिळाला. नागोयाला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत ते इंजिनियर होते. तिथे बाकीची माणसं वस्तू बनवायची आणि साडूभाऊ त्या मोडायचे. दाराची एखादी बिजागरी घ्यायची, यंत्राला लावायची आणि ती तुटेपर्यंत दार उघडायचं आणि मिटायचं, उघडायचं आणि मिटायचं. तुटली की ती कुठे तुटली, का तुटली, आणखी कुठे कुठे तुटू शकली असती, याचा विचार करायचा. हे काम जन्मभर इमानेइतबारे केलेल्या माणसाला जगातली प्रत्येक वस्तू तडकण्याच्या आदल्या दिवशी आपल्याला भेटायला आली आहे असं वाटू लागलं, तर नवल नाही. मी बँकेच्या बदलीवर तोक्योला आलो, हिगाशी-कसाई भागात घर घेतलं आणि हौसेने एक सोफा आणला, तेव्हा साडूभाऊ खास नागोयाहून तो बघायला आले होते. बसले नाहीत. वाकून एका पायाला बोट लावलं आणि म्हणाले, "इथून जाईल." पुढच्याच हिवाळ्यात सोफा नेमका तिथून गेला. मी ही गोष्ट त्यांना कळवली नाही, पण बायकोने बहिणीला सांगितली, आणि संध्याकाळी मला फोन आला, "दुसरा पाय पण बघून ठेवा."

अशा माणसाने जपानसारख्या देशात राहावं हा दैवाचा खेळच म्हणायचा, कारण इथे वेळेवर न येणारी गाडी म्हणजे दुर्मिळ वस्तू. साडूभाऊ तरीही प्रत्येक वेळी स्टेशनवर तासभर आधी जाऊन उभे राहायचे. "आज येणार नाही," म्हणायचे. ती यायची. वर्षानुवर्षं ती येत राहिली. गाडीला उशीर झाला तर इथे स्टेशनवर तसा दाखला मिळतो, ऑफिसात दाखवायला. एकदा कुठेतरी पुढे रुळांवर झाड पडलं, गाडी खोळंबली, आणि साडूभाऊंना आयुष्यातला पहिला दाखला मिळाला. त्या दिवशी ते इतके प्रसन्न होते की ताईला वाटलं पगार वाढला. ताई म्हणजे त्यांची बायको. दाखला त्यांनी ऑफिसात दिलाच नाही. त्याला प्लॅस्टिकचं आवरण घालून घेतलं आणि पाहुणे आले की दाखवायला लागले.

आमच्या तोक्योतल्या मराठी मंडळींच्या गणपतीला ते दरवर्षी यायचे आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. आत दहा बायका मोदक वळत असायच्या. साडूभाऊ पातेल्याकडे बघायचे आणि कुणालाही उद्देशून नाही अशा आवाजात म्हणायचे, "तळातले दोन फुटतील." झाकण काढल्यावर तळातले दोन फुटलेले निघायचे. एक वर्ष त्यांना दाराशी उभं राहायला बंदी केली होती. तरी दोन फुटले, आणि त्या वर्षी सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, कारण कुणावर खापर फोडायचं तेच कळेना.

पण थट्टा करता करता एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की हा माणूस नुसता कटकट्या आहे. दोन वर्षांपूर्वी बायको मुलीला घेऊन भारतात गेली होती आणि मला फ्लूने गाठलं. सकाळी फोनवर मी साडूभाऊंना 'जरा कणकण आहे' एवढंच म्हटलं. दुपारी दाराची घंटा वाजली. दारात साडूभाऊ. हातात गुरगुट्या भाताचा डबा, मेतकूट, तुपाची बाटली आणि एक थर्मामीटर. "तुमच्याकडे असणार, पण तो चालत नसणार," म्हणाले. खरोखरच त्यातला सेल संपलेला होता. ते तीन दिवस राहिले, रजा टाकून. रोज सकाळी माझ्या कपाळाला हात लावून 'आज वाढेल' म्हणायचे आणि रोज माझा ताप उतरत होता. वाईट तेच होणार अशी ज्याची खात्री असते, तो वाईट व्हायच्या आत येऊन पोचतो. माझ्या घरच्या अडीअडचणीला त्यांच्याआधी कुणीही आलेलं मला आठवत नाही, आणि मी त्यांची जी थट्टा करतो ती याच भरवशावर.

तर गेल्या वर्षी कंपनीने त्यांना परत पुण्याच्या शाखेत पाठवायचं ठरवलं. मार्चअखेर गाशा गुंडाळून जायचं, असं ठरलं. ताई बंद असलेला फ्लॅट उघडायला पुढे गेली. राहिले साडूभाऊ आणि त्यांची मुलगी सई. सई दीड वर्षाची असताना इथे आली, आणि आता शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. मराठी तिला सगळं कळतं, पण आपण मराठीत विचारावं आणि तिने जपानीत उत्तर द्यावं, असा त्या घराचा वहिवाटीचा रस्ता. अभ्यासात हुशार. तिच्या शाळेला एका चांगल्या विद्यापीठात शिफारशीची एकच जागा होती आणि शाळेने ती सईला देऊ केली. पण शिफारशीचा इथला रिवाज कडक. एकदा हो म्हटलं की मागे फिरायचं नाही. फिरलं तर शाळेचा शब्द जातो, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांची ती जागाही बहुधा जाते. हो की नाही ते सोमवारी सांगायचं होतं. हो म्हटलं तर सई इथे राहणार, चार वर्षं वसतिगृहात, आणि त्यानंतरचं कोण बघितलंय. नाही म्हटलं तर आईबापांबरोबर पुण्याला. ताईचं म्हणणं, पोरगी बापाचं ऐकते, तेव्हा बापाने विचारावं. आणि बापाने मला फोन केला.

"तुम्ही विचारा तिला. पुण्याला येतेस का म्हणून."

"अहो, मुलगी तुमची. तुम्ही का नाही विचारत?"

"मी विचारलं तर ती नाही म्हणेल."

"आणि मी विचारलं तर?"

"तरी नाहीच म्हणेल," साडूभाऊ म्हणाले. "पण तुम्हाला म्हणेल."

सई घरात खोलीचं दार लावून बसते, पण सायकलवर बसली की तिचं तोंड उघडतं, अशी माहिती त्यांनी पुरवली. म्हणून शनिवारी डोंगरात सायकली घेऊन जायचं, वाटेत मी तिच्या शेजारी सायकल घ्यायची आणि गप्पांच्या ओघात विचारायचं, असा बेत ठरला. मी शेवटची सायकल चालवली ती कॉलेजात. हे सांगितल्यावर साडूभाऊ म्हणाले, "पडालच. मी पट्ट्या घेतो."

शुक्रवारी रात्री मी त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो, शनिवारी सकाळी आम्ही तिघं नागोयाहून छोट्या गाडीने निघालो आणि दोन डब्यांच्या त्या गाडीने आम्हाला डोंगरातल्या एका स्टेशनवर सोडलं. स्टेशनसमोरच भाड्याने सायकली देणाऱ्या एका आजोबांचं दुकान होतं. सईने स्वतःची सायकल घडी घालून पिशवीतून आणली होती. मला आजोबांनी बॅटरीवाली सायकल दिली, जिच्यावर बसून इथल्या बायका मुलांना बालवाडीत सोडतात, पुढे टोपली असलेली. साडूभाऊंनाही तसलीच देत होते, तर त्यांनी ठाम नकार दिला. "बॅटरी संपते," म्हणाले. आजोबा म्हणाले, तीन दिवस पुरेल. साडूभाऊ अदबीने कमरेत वाकले आणि म्हणाले, "चौथ्या दिवशी काय करू?" आम्ही संध्याकाळी परत येणार होतो.

त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत काय काय होतं ते मला दिवसभरात हळूहळू कळत गेलं. हवा भरायचा पंप, दोन ट्यूबा, आभाळात ढगाचा ठिपका नसताना तिघांचे रेनकोट, मीठ-साखरेच्या पाण्याच्या बाटल्या, दशम्या, लसणाची चटणी, आणि शिट्टी. शिवाय पिशवीला बाहेरून एक पितळी घंटा बांधलेली. डोंगरात अस्वलं असतात, घंटेच्या आवाजाने ती लांब जातात, म्हणून इथे डोंगर चढणारे सगळेच ती बांधतात. साडूभाऊंचा अर्थात तिच्यावर विश्वास नव्हता. "अस्वलाला एवढंच कळतं की जेवण कुठपर्यंत आलंय," असं ते म्हणाले, आणि तरीही दर वळणावर ती हाताने हलवून वाजते ना ते बघत राहिले.

रस्ता मात्र असा होता की वर्णन करायला बसलं तर दुसरं काही लिहूच नये. दोन्ही बाजूंना लाल-पिवळी झालेली झाडं, रस्त्याच्या कडेने दगडी पाटातून खळखळत जाणारं पाणी, डोंगराच्या उतारावर शिंपी कापडाला कात्री लावतो तशा नीट कापलेल्या चहाच्या रांगा, आणि प्रत्येक वळणापलीकडे एक गाव. काळ्या कौलांची घरं, पांढऱ्या भिंतींची कोठारं, वळचणीला सोलून वाळत घातलेल्या काकी नावाच्या केशरी फळांच्या माळा. दाराशी भाजीची फळी, त्यावर मुळे आणि लिंबं, विकणारं कुणी नाही, पैसे टाकायला नुसता डबा. मी 'वा!' म्हटलं की साडूभाऊ मान हलवायचे. "गावात माणूस दिसलं का तुम्हाला? अर्ध्या घरांचे पडदे कायमचे ओढलेत. दहा वर्षांत सगळं बंद पडेल," म्हणायचे. मग डब्यात पैसे टाकून एक मुळा उचलायचे आणि पिशवीत कोंबायचे. दुसऱ्या गावात दुसरा मुळा. गावं जगावीत म्हणून त्यांनी त्या दिवशी इतके मुळे घेतले की पिशवीच्या दोन्ही बाजूंनी पाला लोंबायला लागला.

चढावर साडूभाऊ दमायचे, थांबायचे, पण खरं सांगायचं तर चढावर ते सुखात असायचे. दुःख चालू असलं की त्यांना स्वस्थ वाटतं. कठीण व्हायचं ते उतारावर. पहिला उतार लागला, गार वारा तोंडावर यायला लागला, सई पुढे हात सोडून किंचाळत गेली, मी टोपलीवाल्या सायकलवर माझं वय विसरलो, आणि मागे बघतो तर साडूभाऊ दोन्ही ब्रेक दाबून, चेहरा पाडून, सुतक असल्यासारखे खाली येत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"हे सगळं परत चढायचंय," ते म्हणाले.

दर उतारावर हेच. मी त्यांना सांगितलं की परतीचा रस्ता दुसरा आहे, नदीकाठाने सपाट. त्यावर म्हणाले, "तो बंद असला तर?"

आणि माझं काम? ते काही होत नव्हतं. मी तीन-चार वेळा सईच्या शेजारी सायकल घेतली. "काय सई, मग पुढे काय?" असं विचारलं. "बेत्सुनि," सई म्हणाली. म्हणजे विशेष काही नाही. हा शब्द इथल्या सतरा वर्षांच्या मुलांच्या तोंडात कायम तयार असतो आणि तो लोखंडी दरवाजासारखा समोर बंद होतो. मी हवेबद्दल बोललो, पानांच्या रंगांबद्दल बोललो, पुण्याच्या हवेबद्दल बोललो. पुण्याचं नाव काढल्यावर तिने माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि गियर बदलून पुढे निघून गेली. मागून घंटा वाजवत साडूभाऊ आले. "नाही म्हणाली ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "अजून विचारलंच नाही." ते म्हणाले, "तरी पण."

जे मला जमलं नाही ते एका आजींनी चहा पिता पिता केलं. खिंडीच्या अलीकडच्या शेवटच्या गावात एक आजी ओट्यावर बसून काकीची फळं सोलत होत्या. सगळ्या गावांत मिळून दिसलेलं ते पहिलं माणूस. त्यांनी हाक मारून आम्हाला बसवलं, चहा दिला, फळं दिली. साडूभाऊंनी हवा छान आहे असं रीतीप्रमाणे म्हटलं, तर आजी म्हणाल्या, उद्या बिघडेल. यंदा फळ बरं आलंय म्हटलं, तर म्हणाल्या, पुढच्या वर्षी येणार नाही, झाड म्हातारं झालंय, आणि आलं तरी ते काढायला मी असेन की नाही कोण जाणे. साडूभाऊंचा चेहरा असा उजळला की मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. परक्या मुलखात जातभाई भेटला. दोघांनी मिळून कौलं, गुडघे, रानडुकरं आणि गावाचा बंद पडलेला दवाखाना असा एकेक विषय इतक्या आनंदाने घेतला की सई हसायला लागली. मग आजींनी सईकडे बघून सरळ विचारलं, "बाबा देशी परत चाललेत म्हणतात. मग तू जाणार, की राहणार?"

मी कपात बघत राहिलो. साडूभाऊंच्या हातातलं फळ तोंडापर्यंत जाऊन थांबलं.

"मादा वाकान्नाइ," सई म्हणाली. अजून ठरलं नाही.

तिथून निघाल्यावर साडूभाऊ त्यांच्या बिनबॅटरीच्या सायकलवर माझ्या पुढे गेले. खिंडीचा चढ दिवसातला सगळ्यांत वाईट, आणि हा माणूस उभं राहून पॅडल मारत होता. एका वळणावर मी त्यांना गाठलं तर धापा टाकत म्हणाले, "ऐकलंत ना? अजून ठरलं नाही म्हणाली. म्हणजे ठरलेलं नाही!" त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी ओळखलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते इतकं नवखं होतं की मला भीतीच वाटली.

खिंडीत एक बाकडं होतं आणि जपानातल्या कुठल्याही निर्मनुष्य जागी असतं तसं पेयांचं मशीन. सई आधीच पोचून बाकड्यावर बसली होती. साडूभाऊ तिच्या शेजारी बसले. मी मशीनपाशी गेलो आणि गरम कॉफी निवडायला लागेल त्याच्या दसपट वेळ लावला. पण कान तिकडेच होते. आणि सई मराठीत बोलली.

"बाबा, मी पुण्याला आले तर काय होईल?"

आता एवढंच म्हणायचं होतं की ये. मी मशीनकडे तोंड करून मनातल्या मनात म्हणत होतो, म्हणा हो, म्हणा. पण पोरीने आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्यांच्या धंद्यातला प्रश्न विचारला होता. काय होईल? साडूभाऊंनी घाम पुसला, थोडा विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगायला लागले. चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळणं कठीण, कदाचित एक वर्ष वाया जाईल. वर्गातली मुलं तिच्या मराठीला हसतील. अशी एकटीने सायकल घेऊन रस्त्यावर जाता येणार नाही. इथल्या मैत्रिणी सहा महिने फोन करतील, मग करणार नाहीत. पहिल्या वर्षी रडू येईल. दुसऱ्या वर्षी आईबाबांचा राग येईल. मी कितीदा मनात म्हटलं, आता थांबा, पण ते बिजागरी शेवटपर्यंत तपासत होते.

सईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि चांगलं?"

साडूभाऊ बराच वेळ शोधत होते. "आई असेल," म्हणाले. मग हळूच, "मी पण असेन." आणि मला वाटलं, आलं, आलं जवळ. तेवढ्यात म्हणाले, "पण आम्ही काय, दिवसभर कामावर."

"बाबा, तुला मी यायला हवीय का?"

"माझ्या हवं-नकोवर ठरवू नकोस, बेटा."

"वाकात्ता," सई म्हणाली. मग तेच पुन्हा मराठीत म्हणाली, "कळलं." तिने बाटलीतलं पाणी प्यायलं, हेल्मेट घातलं आणि उताराला लागली.

मला असा संताप आला होता की मी साडूभाऊंना साडूभाऊ म्हणायचंही विसरलो. "अहो, एकदा ये म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?" मी ओरडलो. "दिवसभर कशासाठी तंगडतोड केली मग?"

"खोटं कसं सांगू? मला जे दिसतं ते सांगितलं."

"तुम्हाला काय हवं ते नाही सांगितलंत!"

"ते सांगितलं असतं तर ती आली असती," साडूभाऊ म्हणाले.

ते पिशवीचे बंद घट्ट करत होते. "आली असती आणि मग तिकडे तिचं जे जे बिघडलं असतं ना, ते माझ्यामुळे बिघडलं असतं. मला रोज दिसलं असतं ते." एवढं बोलून ते सायकलवर बसले. तो उतार लांबलचक होता, खाली नदीपर्यंत, आणि साडूभाऊ एका शब्दानेही कुरकुरले नाहीत. ते गप्प बसलेले मला सोसवेना.

परतीच्या गाडीत ते खिडकीला डोकं टेकून झोपले, मुळे मांडीवर घेऊन. मी सईला हळूच म्हटलं, "सई, बाबाला तू हवी आहेस गं. खूप हवी आहेस."

"माहीत आहे, काका," ती म्हणाली. "पण तो म्हणाला नाही ना."

"पुन्हा विचार की."

तिने मान हलवली. "पुन्हा तेच सांगेल. आणि काका, तो सांगतो ते खरं असतं." तिने बापाच्या मांडीवरून घसरणारा एक मुळा सरळ केला आणि मोबाइल काढला. सोमवारी तिने शाळेला हो सांगितलं.

मार्चमध्ये साडूभाऊ गेले. जाताना वसतिगृहातल्या सईच्या खोलीच्या खिडक्या, नळ, दाराची कडी सगळं तपासून, जिथे तिथे जादा स्क्रू मारून गेले. तिची इथली जबाबदारी घेणारा माणूस म्हणून माझं नाव लागलं आहे. ती बरी आहे. अभ्यास चांगला चालला आहे, एका बेकरीत अर्धवेळ काम करते, मैत्रिणी आहेत. बापाने पुण्याबद्दल सांगितलेलं इथे काहीच झालं नाही, आणि यात आनंद मानावा की काय करावं हे मला अजून कळलेलं नाही.

आणि साडूभाऊ बदलले. आधी माझा विश्वास बसेना. दर रविवारी पुण्याहून फोन येतो आणि सुस्कारा न सोडता सुरू होतो. सकाळी फिरायला जातात म्हणे, हवा सुरेख असते. फ्लॅटसमोरचा रस्ता नवा झाला, चांगला झाला. शेजारी चांगले आहेत. मी बायकोला म्हटलं, यांना कुठल्यातरी डॉक्टरला दाखवलं पाहिजे. परवाच्या रविवारी तर आवाज असा होता की जणू लग्न ठरलंय घरात. विद्यापीठाला ऑगस्टात मोठी सुट्टी असते, सई त्या सुट्टीत येणार. तिकडचा पंखा बदलला, तिच्या खोलीला रंग दिला, खिडकीला डासांची जाळी बसवली. ती आली की आधी थोडे दिवस तिला झोपू द्यायचं, मग कोकणात जाऊ. "येणारच ती," साडूभाऊ म्हणाले. "न यायला काय झालं?"

सईने मला दोन दिवस आधीच सांगितलं होतं. सुट्टीत मैत्रिणींबरोबर उत्तरेला सायकलने जायचं ठरलं आहे, पुढे बेकरीचं काम आहे, यंदा जमणार नाही. बाबाला मीच सांगेन, काका, तुम्ही सांगू नका, असं म्हणाली होती.

मी फोन धरून उभा होतो. त्यांनी आता तरी एखादी शंका काढावी, गाडी येणार नाही म्हणावं, विमान रद्द होईल म्हणावं, काहीही म्हणावं, म्हणून वाट बघत होतो. ते काही म्हणाले नाहीत.

"अहो, गप्प का झालात?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, ऐकतोय," मी म्हटलं. "जाळी कुठल्या रंगाची बसवलीत?"

"हिरवी," साडूभाऊ म्हणाले, आणि मग बराच वेळ जाळीबद्दल सांगत राहिले.